मिडवेस्टचे कॅसिनो: डाउनटाउन की हायवे?

पैलतीर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या ओहायो, मिशिगन, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मिझुरी या पट्ट्यातल्या शहरांत कॅसिनो कुठे बसवायचा यावर तीसेक वर्षं घोळ चाललाय. नगररचनेच्या धाग्यावर हे अवांतर होत होतं, म्हणून इथे वेगळं काढतोय.

सुरुवात पाण्यापासून झाली. आयोवाने १९८९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९९१ ला डेव्हनपोर्ट, बेटेनडॉर्फ, डब्यूक इथून बोटी सुटल्या. जुगार चालेल, पण बोटीवर. एका डावाला ५ डॉलर आणि एका फेरीत २०० डॉलर हरले की बस. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये आल्टनची बोट आली. इंडियानाचा कायदा १९९३ चा. बोटीची अट ही राजकीय सोय होती: जुगार गावात नाही, नदीवर आहे, असं मतदाराला सांगता येतं. शहराच्या वाट्याला मात्र काय आलं? नदीकाठ हा गावातला सगळ्यात देखणा तुकडा, तो धक्का, तिकीटघर आणि गाड्यांच्या डांबरी मैदानाखाली गेला.

शिवाय बोट म्हटली की ती निघूनही जाऊ शकते. मिसिसिपी राज्यात मर्यादेविना जुगार सुरू झाला, तेव्हा डायमंड लेडी आणि एमराल्ड लेडी या दोन बोटी १९९२ मध्ये आयोवा सोडून बिलॉक्सीला गेल्या. धक्का बांधून बसलेली गावं बघत राहिली. आयोवाने १९९४ मध्ये मर्यादा उठवल्या त्या उगाच नव्हेत.

आता मुद्दा. हा वाद नेहमी ‘डाउनटाउन की हायवे’ असा मांडतात. माझ्या मते जागा तपासायची तर पहिला प्रश्न वेगळा विचारावा: गाडीतून उतरलेला माणूस जुगाराच्या मशीनपर्यंत पोचेस्तोवर सार्वजनिक फुटपाथवर किती पावलं चालतो? उत्तर शून्य असेल, तर कॅसिनो भर चौकात असला काय आणि एक्झिट रॅम्पवर असला काय, शेजारच्या दुकानदाराला दोन्ही सारखेच.

जाणकारांनी लिहावं. नुसतं ‘जुगार वाईट’ लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळा धागा आहे.

उथळपाणी

पाण्याच्या अटीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण जागांचा नकाशा त्याशिवाय कळत नाही.

पहिला टप्पा: बोट फिरली पाहिजे. दुसरा: बांधलेली चालेल, पण पाण्यावर हवी. तिसरा: पाणी नदीचंच हवं असं कुठे लिहिलंय? मिझुरीत कॅसिनोवाल्यांनी नदीपासून आत खड्डे खणले, त्यात पाणी सोडलं आणि तराफ्यावर इमारत उभी केली. लोक त्याला ‘खंदकातली बोट’ म्हणायचे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये यावर बोट ठेवलं (कोटी हेतुपुरस्सर), तेव्हा नोव्हेंबर १९९८ मध्ये मतदारांकडून घटनादुरुस्ती करून घेतली: मिसिसिपी किंवा मिझुरी नदीच्या मुख्य प्रवाहापासून १,००० फुटांच्या आत खणलेलं तळं चालेल. मिझुरीतले कॅसिनो नदीला चिकटून, पूररेषेत आणि डाउनटाउनपासून तुटलेले का दिसतात त्याचं उत्तर त्या १,००० फुटांत आहे. कुठल्या नगररचनाकाराने ते ठरवलेलं नाही.

इलिनॉयमध्ये तर गंमतच. ओ’हेअर विमानतळाजवळ डेस प्लेन्सला रिव्हर्स कॅसिनो जुलै २०११ मध्ये उघडला. नावात नदी आहे. इमारतीखाली काय, तर काही इंच पाण्याचं उथळ टाकं. कायद्याला पाणी हवं होतं, ते मिळालं. राज्यात सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्यांत तो वर्षानुवर्षं पहिला राहिला, आणि त्यात टाक्याचं कर्तृत्व शून्य. आय-९०, आय-२९४ हे महामार्ग आणि विमानतळ यांच्या बेचक्यात तो बसलाय, हे कारण.

खडूफळा

बेचक्याचा विषय निघालाच आहे तर आकडेमोड कशी करतात ते लिहितो. फार अवघड नाही, पण चुका ठरलेल्या असतात.

जागेभोवती ३०, ६० आणि ९० मिनिटांच्या ड्राइव्हची वर्तुळं काढायची. (वर्तुळं म्हणतात, दिसतात अमिबासारखी.) प्रत्येक पिनकोडातले २१ वर्षांवरचे लोक घ्यायचे, माणशी जुगारावरचा वार्षिक खर्च धरायचा आणि तो जवळपासच्या कॅसिनोंत वाटायचा. वाटणी अशी: कॅसिनोचं आकर्षण, म्हणजे ढोबळमानाने मशीनची संख्या, भागिले अंतराचा वर्ग.

उदाहरण. एका उपनगरापासून ‘क’ कॅसिनो २० मिनिटांवर, २,००० मशीनचा. ‘ख’ १० मिनिटांवर, १,००० मशीनचा.
क: २००० ÷ ४०० = ५
ख: १००० ÷ १०० = १०
उपनगराचा दोन तृतीयांश पैसा ‘ख’ कडे. आता ‘क’ ने आणखी १,००० मशीन आणून ठेवली तरी ३००० ÷ ४०० = ७.५, म्हणजे वाटा ४३ टक्क्यांवर अडतो. पैसे ओतून अंतर भरून निघत नाही ते असं.

चुका कुठे होतात?

मिनिटं दुपारची घेतात. शनिवारी संध्याकाळी ७ ची घ्या, पूल आणि टोलसकट. वर्ग (घातांक २) डोळे मिटून वापरतात. तो खरं तर चालू कॅसिनोच्या मेंबर-कार्डांच्या पिनकोडवरून जुळवून घ्यायचा असतो. आणि तिसरी, सगळ्यात महाग पडणारी: नकाशावर फक्त परवाना असलेले कॅसिनो धरतात. इलिनॉयमध्ये २००९ च्या कायद्याने बार आणि पेट्रोलपंपांवर मशीन आली, २०१२ पासून ती चालू आहेत, आणि आज ती आठ हजारांहून जास्त ठिकाणी आहेत. कोपऱ्यावरच्या बारमध्ये पाच-सहा मशीन असतील तर त्या गिऱ्हाइकाचं ‘अंतर’ दोन मिनिटं आहे. ओहायोत कॅसिनो उघडले आणि पाठोपाठ सात रेसकोर्सवर लॉटरीची मशीन बसली. मतदारांना दाखवलेल्या महसुलाच्या आकड्यांपर्यंत चार कॅसिनो पोचलेच नाहीत.

चौकातला_दिवा

धागाकर्त्यांच्या पावलांच्या कसोटीला ओहायोतलं क्लीव्हलंड हे उत्तम उदाहरण. तिथे जागा निवडताना काहीच कमी नव्हतं. पब्लिक स्क्वेअर म्हणजे शहराचं नाक, १९३१ ची हिग्बी डिपार्टमेंट स्टोअरची इमारत रिकामी पडलेली, खाली टॉवर सिटीचं रेल्वे स्टेशन. १४ मे २०१२ ला तिथे हॉर्सशू उघडला (आता जॅक). जुनी इमारत वापरली याचं कौतुक व्हायलाच हवं.

आता बारकावा. गाड्यांसाठी कोपऱ्यापलीकडे गॅरेज आणि स्वागतकक्ष केला. त्यासाठी १९०८ ची कोलंबिया बिल्डिंग पाडली, आणि तिथून कॅसिनोत जायला रस्त्यावरून काचेचा पूल टाकला. जानेवारीत लेक ईरीवरून येणारा वारा ज्याने खाल्लाय त्याला पुलाचा मोह कळेल. पण गाडी लावायची, पुलावरून जायचं, खेळायचं, पुलावरून यायचं, घरी. पब्लिक स्क्वेअर काचेतून दिसतो.

ओहायोतच सिनसिनाटीला ४ मार्च २०१३ ला उघडलेला कॅसिनो ब्रॉडवे कॉमन्सवर आहे. ते पूर्वी गाड्यांचं उघडं मैदान. नव्वदच्या दशकात बेसबॉल स्टेडियम तिथे की नदीवर यावर शहराने मतदान केलं आणि ते नदीवर गेलं. तिथे रेस्टॉरंटांना रस्त्याकडून दारं देण्याचा प्रयत्न केला. क्लीव्हलंडपेक्षा डाउनटाउनच्या कडेला असूनही रस्त्याशी संबंध जास्त. जागा कमी चांगली, दारं जास्त चांगली.

पैलतीर (धागाकर्ता)

@चौकातला_दिवा, नेमकं हेच म्हणायचं होतं.

@खडूफळा, शहराला कराचा वाटा किती मिळतो यावरही जागेचा आग्रह ठरतो ना? त्याचं गणित कोणी देईल का?

रोखपाल

देतो. कॅसिनोचा निव्वळ गल्ला (लावलेल्या पैशातून जिंकलेल्यांना देऊन उरलेला) १० कोटी डॉलर धरा.

डेट्रॉइट: कर १९ टक्के, त्यात शहराचा वाटा गल्ल्याच्या १०.९ टक्के. शहराला थेट १.०९ कोटी.

मिझुरी: कर २१ टक्के, त्यातला दशांश यजमान गावाला. म्हणजे २१ लाख. वर दर माणशी प्रवेशशुल्क २ डॉलर, त्यातला एक गावाचा.

ओहायो: कर ३३ टक्के, म्हणजे ३.३ कोटी. त्याचे ५१ टक्के सगळ्या ८८ काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या) लोकसंख्येनुसार, ३४ टक्के शाळांना, आणि यजमान शहराला ५ टक्के. ५ टक्के कराचे, गल्ल्याचे नव्हेत. १६.५ लाख. (काउंटीतल्या मोठ्या शहराला काउंटीच्या वाट्यातूनही मिळतं, पण ते कॅसिनो शेजारच्या गावात असता तरी मिळालंच असतं.)

तोच गल्ला, पण शहराच्या तिजोरीत साडेसहापट फरक. म्हणून डेट्रॉइट कॅसिनो हातचा सोडत नाही, आणि ओहायोतल्या शहराला तो गळ्यात पडल्यासारखा वाटू शकतो. डेट्रॉइटने तर २००९ मध्ये पेन्शनच्या कर्जावरच्या व्याजदर-करारांसाठी हा महसूल तारण दिला. २०१३ मध्ये शहर दिवाळखोरीत गेलं तेव्हा पहिल्या भांडणांपैकी एक याच पैशावर होतं.

तिसरी_आळी

डेट्रॉइटची जागेची गोष्ट राहिली.

समोर नदीपलीकडे कॅनडात विंडसरला १९९४ मध्ये कॅसिनो उघडला आणि डेट्रॉइटचे लोक पूल-बोगद्यातून पैसे घेऊन तिकडे जाऊ लागले. नोव्हेंबर १९९६ च्या मतदानात तीन कॅसिनो मंजूर झाले. महापौर डेनिस आर्चर यांची योजना होती तिघांना पूर्व नदीकाठावर शेजारी शेजारी बसवायची. कागदावर चूक नव्हती. चूक झाली क्रमात: जागा आधी जाहीर, जमीन नंतर ताब्यात. त्या काठावर सिमेंट कंपन्यांचे सायलो होते, गोदामं होती, छोटे मालक होते. कॅसिनो येणार म्हटल्यावर कोण जुन्या भावाने देईल? शहराने कर्जरोखे काढून जमिनी घ्यायला घेतल्या, सक्तीच्या संपादनाचे दावे कोर्टात लांबले, भाव चढत गेले. २००२ मध्ये, पुढच्या महापौरांच्या काळात, योजना गुंडाळली.

तोवर तिन्ही कॅसिनो ‘तात्पुरत्या’ जागांत सुरू होते: एमजीएम जुलै १९९९ पासून जुन्या आयकर कार्यालयात, मोटरसिटी डिसेंबर १९९९ पासून जुन्या ब्रेड बेकरीत, ग्रीकटाउन नोव्हेंबर २००० पासून त्याच नावाच्या मोहल्ल्यात. मोटरसिटी आणि ग्रीकटाउन जिथल्या तिथे वाढले. एमजीएम २००७ मध्ये थोडं सरकलं. तिघेही फ्रीवेच्या रॅम्पजवळ, तिघांना स्वतःची गॅरेजं. तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत असल्याने एकातून दुसऱ्यात कोणी चालत जात नाही.

नदीकाठाचं मात्र भलं झालं. २००३ मध्ये काठाच्या कामासाठी संस्था उभी राहिली आणि आज तिथे फिरायला लांबलचक रिव्हरवॉक आहे. योजना फसली म्हणून काठ वाचला, असं म्हणायला हरकत नाही.

जमिनीचा धडा: पर्यायी किमान दोन जागांचे खरेदी-हक्क (पैसे देऊन ठराविक मुदतीसाठी अडवून ठेवणं) खिशात असल्याशिवाय नकाशा छापू नये.

गिलावा

ओहायोने याच्या बरोब्बर उलट चूक केली. ३ नोव्हेंबर २००९ च्या घटनादुरुस्तीत चार शहरंच नव्हे, त्यातले भूखंडसुद्धा लिहून टाकले. राज्यघटनेत. सट्टेबाजी थांबली, पण जागा बदलायची तर पुन्हा सगळ्या राज्याचं मतदान! कोलंबसला तसंच झालं. मूळ जागा डाउनटाउनलगत अरीना डिस्ट्रिक्टमध्ये होती, तिथल्या बड्या मंडळींना ती नको होती. मे २०१० मध्ये राज्यभर मत घेऊन कॅसिनो पश्चिमेला, वेस्ट ब्रॉड स्ट्रीटवरच्या बंद पडलेल्या डेल्फाय कारखान्याच्या जागेवर हलवला.

तिथे नवाच पेच. जागा कोलंबस शहराच्या हद्दीत नव्हती, टाउनशिपमध्ये (शहराबाहेरच्या वेगळ्या स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत) होती. शहराला हद्दीत हवी होती, कारण तिथल्या पगारांवरचा आयकर शहराला मिळतो. कंपनी अडून बसली. शहराच्या हातात काय? पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. हद्दीत या, मग नळ मिळेल. वाद कोर्टापर्यंत गेला, २०११ मध्ये तडजोड झाली आणि जागा शहरात आली. ८ ऑक्टोबर २०१२ ला कॅसिनो उघडला.

जागा बघताना भूखंडाची हद्द आणि जलवाहिनी कोणाच्या मालकीची हे पहिल्या दिवशी तपासा. आणि जुना कारखाना असेल तर माती-भूजलाची तपासणी दोन टप्प्यांत: आधी कागदपत्रांवरून, मग प्रत्यक्ष भोकं पाडून. दुसरा टप्पा वाचवायला जाणारे पाया खणताना जुन्या टाक्यांत पडतात.

नळदुरुस्ती

जलवाहिनीवरून शिकागो आठवलं. शहरात कॅसिनोला मुभा देणारा कायदा जून २०१९ चा. ऑगस्टमध्ये सल्लागारांनी दक्षिण आणि पश्चिम भागातल्या पाच जागा तपासल्या आणि सांगितलं की प्रश्न जागेचा नाहीच; करांची बेरीज सुमारे ७२ टक्के होते, एवढ्यात कोणी बांधणार नाही. २०२० मध्ये कररचना बदलली. मे २०२२ मध्ये शहराने बॅलीज या कॅसिनो कंपनीचा प्रस्ताव निवडला: शिकागो ॲव्हेन्यूवर नदीकाठी, ट्रिब्यूनच्या छापखान्याची ३० एकर जागा, १.७ अब्ज डॉलरचा प्रकल्प.

निवड झाल्यावर लक्षात आलं की ५०० खोल्यांचं हॉटेल उत्तर टोकाला जिथे काढलंय तिथे पाया घातला तर शहराच्या पाण्याच्या नळांना धोका. मनोरा दुसरीकडे सरकवावा लागला. आराखडा, खोल्यांचे टप्पे, पैशाचं गणित, सगळं पुन्हा. सेवा-नकाशा स्पर्धेत उतरणाऱ्यांना आधीच द्यायचा असतो, आणि नुसता नकाशा पुरत नाही. जुन्या शहरात नळ नकाशापेक्षा चार-सहा फूट इकडे तिकडे निघतात, म्हणून चाचणी खड्डे खणावे लागतात.

तोवर तात्पुरता कॅसिनो ९ सप्टेंबर २०२३ पासून मदिना टेंपलमध्ये. १९१२ ची सभागृहाची इमारत, रिव्हर नॉर्थमध्ये, स्वतःचं मोठं पार्किंग नाही. पावलांच्या कसोटीला शंभर गुण! गल्ला अंदाजापेक्षा कमी. धागाकर्त्यांनी याचा विचार करावा.

पैलतीर (धागाकर्ता)

विचार केला. मान्य आहे की फुटपाथवर चालायला लावलं तर काही गिऱ्हाईक येणारच नाही. मशीनवर नियमित खेळणारा माणूस साठीचा, गाडीने येणारा. त्याला झाकलेलं पार्किंग हवं. पण मग शहराने डाउनटाउनच्या पुनरुज्जीवनाच्या नावाखाली सवलती मागणं बंद करावं. एक तर गल्ला घ्या, नाही तर गजबज घ्या. दोन्ही एकाच इमारतीकडून मागितलं की पूल बांधला जातो.

उथळपाणी

गल्लाच हवा असेल तर इंडियानातलं गॅरी शहर बघा. बफिंग्टन हार्बरला दोन बोटी होत्या, लेक मिशिगनवर, पण जायचं कारखान्यांच्या मधून. २०१९ च्या कायद्याने किनारा सोडायची परवानगी मिळाली. १४ मे २०२१ ला आय-८०/९४ वर बर स्ट्रीटच्या एक्झिटला हार्ड रॉक उघडला. काही मैलांचं स्थलांतर. आणि इंडियानात सर्वाधिक गल्ल्याचा कॅसिनो झाला. मोकळा झालेला दुसरा परवाना टेरे होटला गेला, तिथे एप्रिल २०२४ मध्ये उघडला.

डेव्हनपोर्टचंही तेच: २०१६ मध्ये मिसिसिपीचा काठ सोडून आय-८० वर. त्या शहराला पूरभिंत नाही. ३० एप्रिल २०१९ ला तात्पुरते बांध फुटून डाउनटाउनमध्ये पाणी शिरलं, तेव्हा कॅसिनो टेकाडावर कोरडा होता.

मांडवीपलीकडे

हे वाचताना गोवेकरांना ओळखीचं वाटेल. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ ची दुरुस्ती पंचतारांकित हॉटेलांत मशीनना, आणि १९९६ ची समुद्रातल्या जहाजावर टेबलांच्या खेळांना मुभा देणारी. जहाजं प्रत्यक्षात पणजीसमोर मांडवीतच. पाहुण्यांना फीडर बोटीने नेतात, पण त्यांच्या गाड्या पाण्यावर जात नाहीत. त्या बांदोडकर मार्गावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत. जुगार नदीवर, पार्किंग गावात. महाराष्ट्राने तर १९७६ मध्येच कॅसिनो कायदा करून ठेवला, अंमलात कधीच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला, त्यामुळे जागेचा प्रश्न उरलाच नाही.

खडूफळा

पार्किंगचे आकडे, कारण त्यावर सगळं अडतं.

एका गाडीला रांगेतल्या वाटेसकट ३३० ते ३५० चौरस फूट. एकरात साधारण १२५ गाड्या. ३,००० गाड्यांना उघड्यावर २४ एकर. पाच मजली गॅरेज केलं तर पावणेपाच एकरात बसतं, पण गाडीमागे खर्च कितीतरी पट. म्हणून हायवेवर मैदान आणि डाउनटाउनमध्ये गॅरेज.

मिडवेस्टात दोन गोष्टी वाढतात. उघड्या मैदानात बर्फाचे ढीग रचायला जागा सोडावी लागते, नाही तर जानेवारीत ऐन शनिवारी शंभर-दीडशे गाड्यांची जागा गायब. आणि गॅरेजमध्ये गाड्यांच्या चाकांबरोबर रस्त्यावरचं मीठ येतं. ते काँक्रीटमध्ये झिरपून सळया गंजवतं. स्लॅबवर जलरोधक थर, लेपाच्या सळया आणि दर वसंतात धुलाई हे करारात लिहा.

प्रवेशाची रांग: तासाला ६०० गाड्या येताहेत आणि तिकिटाचे दोन फाटक प्रत्येकी २५० सोडताहेत. तासाला १०० गाड्या मागे साचतात. गाडीला २५ फूट धरलं तर एका तासात २,५०० फूट शेपूट, म्हणजे रॅम्पवरून फ्रीवेवर. एक तर तिसरं फाटक करा, नाही तर आत जाताना फाटकच नको, तिकीट बाहेर पडताना तपासा.

दुसरी_बाजू

सगळं ठीक, पण नवा पैसा किती? ओमाहा बघा. नेब्रास्कात कॅसिनो नव्हते तेव्हा मिझुरी नदी ओलांडून काउन्सिल ब्लफ्सला, आयोवात, नव्वदच्या दशकापासून तीन होते. ओमाहाचा पैसा पुलावरून दहा मिनिटांत आयोवात. नेब्रास्काने नोव्हेंबर २०२० मध्ये रेसकोर्सवर कॅसिनो मंजूर केले, २०२४ मध्ये ओमाहात उघडला. ओमाहाच्या दृष्टीने तो परत आणलेला पैसा. पूर्ण महानगराच्या दृष्टीने एका खिशातून दुसऱ्यात. आयोवातल्या सीडर रॅपिड्सला २०१४ मध्ये परवाना नाकारला तेव्हा शेजारच्यांचं गिऱ्हाईक जाईल हाच आक्षेप होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर केला तेव्हाही तोच आक्षेप होता.

अंतराचा दुसरा परिणामही लिहा: अमेरिकेच्या जुगारविषयक राष्ट्रीय आयोगाच्या १९९९ च्या अहवालात ५० मैलांच्या आत कॅसिनो असेल तिथे जुगाराच्या व्यसनाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं होतं. ३० मिनिटांच्या वर्तुळात गरीब वस्ती किती, हा रकाना गल्ल्याच्या तक्त्यात कधी दिसत नाही.

रोखपाल

@दुसरी_बाजू, सहमत. म्हणून यजमान करारात काय लिहून घ्यावं ते सांगतो.

किमान वार्षिक रक्कम, गल्ला घटला तरी. हॉटेलच्या खोल्यांना तारखा आणि उशिराचा दंड. तात्पुरत्या जागेला शेवटची तारीख, कारण डेट्रॉइटची ‘तात्पुरती’ जागा किती टिकते ते वर आलंच आहे. मेंबर-कार्डाचे पॉइंट बाहेरच्या रेस्टॉरंटात वापरता आले पाहिजेत. फुकट जेवण आतच मिळत असेल तर समोरचं हॉटेल बंद पडतं. रस्त्याकडची भिंत सलग किती फूट कोरी चालेल त्याची कमाल मर्यादा.

आणि एक कलम बहुतेक शहरं विसरतात. कॅसिनो चालवणारा आणि जमिनीचा मालक आता वेगळे असतात. क्लीव्हलंडच्या जॅकची मालमत्ता २०२० मध्ये व्हिसीकडे गेली, कोलंबस आणि टोलेडोची गेमिंग अँड लीझर प्रॉपर्टीजकडे आहे (दोन्ही कॅसिनोंच्या जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या). करार फक्त चालवणाऱ्याशी असेल आणि तो भाडेपट्टा सोडून गेला, तर शहर कोणाकडे जाणार? अटी जमिनीच्या नोंदीवर चढवा, म्हणजे मालक बदलला तरी चिकटून राहतील.

चौकातला_दिवा

कोऱ्या भिंतीबरोबर दारांबद्दलही लिहून घ्या. ‘रस्त्याकडे दार असेल’ एवढं पुरत नाही. दार असतं, कुलूपही असतं. आपत्कालीन मार्ग म्हणून पाटी लावून टाकतात, कारण प्रत्येक उघड्या दारावर वय तपासायला माणूस बसवावा लागतो आणि त्याचा तीन पाळ्यांचा पगार असतो. करारात तास लिहा: सकाळी ११ ते रात्री ११ दार उघडं, किंवा त्या दाराच्या आत आधी रेस्टॉरंट, आणि वयाची तपासणी रेस्टॉरंट ओलांडून जुगाराच्या मजल्यावर.

तिसरी_आळी

आणि मोजणी? शर्त पाळली जाते की नाही ते कसं कळणार?

चौकातला_दिवा

दोन माणसं, दोन क्लिकर. एक गॅरेजच्या पुलाच्या तोंडाशी, एक रस्त्याच्या दाराशी. शनिवारी संध्याकाळी ७ ते ११, दर १५ मिनिटांचा आकडा. जवळ स्टेडियममध्ये सामना असेल तो दिवस टाळा. एकदा जुलैत आणि एकदा फेब्रुवारीत करा. कंपनीचा अहवाल नेहमी जुलैचा असतो.